शेवाळावर बसलेले गुरुजी

भोये गुरुजी माझ्या शेवाळावर बसले होते आणि आता त्यांना उठता येत नव्हतं.

मी जव्हारच्या कॉलेजात बॉटनी शिकवते. शेवाळाचं हर्बेरियम म्हणजे वाळवून कागदावर कायमचा जपलेला नमुना. परातीत पाणी घेऊन शेवाळ मोकळं करायचं आणि खालून जाड कागद घालून अलगद उचलायचं. ते स्वतःच्याच चिकटपणानं कागदाला धरून राहतं. वर मलमल, मग टीपकागद, मग दोन फळ्यांमध्ये घट्ट दाब. टीपकागद सारखे बदलायचे, नाही तर नमुना कुजतो.

सूर्यमाळच्या एका पाड्यावर, विहिरीच्या तळाशी उरलेल्या डबक्यात मला एक हिरवंगार शेवाळ मिळालं. मला ते अगदी नवं वाटलं. डबकं आटत आलं होतं, म्हणजे दुसरा नमुना मिळणार नव्हता. आणि नेमका प्रेसचा, म्हणजे त्या दोन फळ्या आवळणारा, पट्टा तुटला. दगड ठेवून पाहिले तर फळी कलली. शाळेतले भोये गुरुजी अंगानं भरभक्कम. "मॅडम, मी बसतो की," म्हणाले आणि शाळेच्या ओट्यावर, फळीवर मांडी घालून बसले.

इथवर ठीक होतं. पण पाड्यावर कितीतरी दिवस टँकर आला नव्हता. रिकामा हंडा घेऊन चाललेल्या सोनीबाईंना वाटलं, गुरुजींनी पाण्यासाठी ठिय्या दिलाय. त्या शेजारी बसल्या. मग त्यांच्या जावा आल्या, मग बाकीच्या. ओटा भरला. कुणीतरी फोटो काढून तालुक्याला धाडलासुद्धा.

कागद बदलायची वेळ झाली. गुरुजी उठायला लागले, तर सोनीबाईंनी त्यांचा हातच धरला. "गुरुजी, तू उठू नको. उठलास त टँकर नाय येयाचा."

गुरुजी परत बसले. मला रडू यायचं बाकी होतं. मी सोनीबाईंना शेवाळाची सगळी हकीकत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि तिघी जावांना हाक मारली. चौघींनी गुरुजींना मांडीसकट उचललं. मी भराभर कागद बदलले आणि त्यांनी गुरुजींना परत फळीवर ठेवलं.

"तो उठला नाय," सोनीबाई म्हणाल्या. "आपन उचलला."

दुपारनंतर तालुक्याहून एक साहेब आले. सरकारी नोकर आंदोलनात कसा, नोकरी नकोशी झाली का, असं गुरुजींना दरडावून विचारू लागले. गुरुजींनी फळीवरूनच हात जोडले.

"साहेब, मी आंदोलन करत नाही. मी शेवाळ दाबतोय."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी फळीखालचा हिरवा कोपरा दाखवला. गुरुजींवर काय कारवाई करावी ते त्यांना सुचेना. समोर हंडे मात्र खरेच रिकामे होते. संध्याकाळी टँकर आला.

वाळलेला नमुना मी मुंबईच्या तज्ज्ञ बाईंना दाखवला. ही जात कुठल्याही डबक्यात होते, म्हणाल्या. पण इतका सपाट नमुना त्यांनीही पाहिला नव्हता. प्रेस कुठला वापरता, विचारत होत्या. मी विषय बदलला.

थोड्याच दिवसांत सोनीबाईंचा फोन आला.

"मॅडम, टँकर परत बंद झालाय. शेवाळ घेऊन ये. गुरुजी बसायला तयार हाय."

विहिरीतलं डबकं तोवर कोरडं पडलं होतं. मी कॉलेजच्या टाकीतलं शेवाळ बरणीत भरलं आणि निघाले. नमुना दुर्मीळच असला पाहिजे असं काही नाही.