मुलाच्या पगाराची रदबदली

मुरलीधर आगाशे मूळचे सांगलीचे. सरकारी विमा कंपनीत अधिकारी होते. बदली होऊन जयपूरला आले, दोन-तीन वर्षांत परत जायचं म्हणता म्हणता दुर्गापुऱ्यात फ्लॅट घेतला आणि निवृत्तही इथूनच झाले. नोकरीत एक पैसा इकडचा तिकडे केला नाही, हा त्यांचा खरा अभिमान होता आणि तो खोटा नव्हता.

मुलगा अथर्व हॉटेल मॅनेजमेंट शिकला. एका हॉटेलात होता, ते हॉटेल बंद पडलं, आणि मग जयपूरच्याच सोडाला भागातल्या बंसल नावाच्या गृहस्थांच्या बेकरीत लागला. महाराष्ट्र मंडळात कुणी विचारलं की मुरलीधरराव सांगत, ‘‘फूड इंडस्ट्रीत आहे. प्रॉडक्शन बघतो.’’ ऐकणाऱ्याला वाटे, मोठा कारखाना असेल.

मंडळाच्या संक्रांतीच्या तिळगूळ समारंभाला अरुण देवधर भेटले. बँकेतले, मोकळ्या स्वभावाचे. चारचौघांत म्हणाले, ‘‘अहो आगाशे, काल सोडाल्यात केक आणायला गेलो तर तुमचा अथर्व दिसला! डोक्यावर टोपी, कोपरापर्यंत मैदा, खारीचा ट्रे घेऊन धावत होता. कष्टाळू आहे हो पोरगा.’’

देवधरांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण आजूबाजूच्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि मुरलीधररावांच्या हातातला तिळगूळ तसाच राहिला.

घरी येऊन त्यांनी अथर्वला पहिल्यांदाच सरळ विचारलं, ‘‘पगार किती देतात रे तुला?’’

‘‘बावीस हजार,’’ अथर्व म्हणाला. ‘‘दिवाळीला आणि लग्नाच्या सीझनला ओव्हरटाइमचे वेगळे मिळतात. मतलब, ठीक आहे बाबा.’’

मुरलीधररावांची पेन्शन त्याच्या दुपटीहून जास्त होती. घरी बसून पेपर वाचणाऱ्या बापाला जास्त आणि पहाटे उठून भट्टीपाशी उभं राहणाऱ्या बत्तीस वर्षांच्या मुलाला कमी. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

दोन दिवसांनी, अथर्वची सुट्टी बघून, ते एकटेच सोडाल्याला गेले. बंसलजींनी त्यांना लगेच ओळखलं. पूर्वी बेकरीला आग लागली होती, तेव्हा नुकसानभरपाईची फाइल मुरलीधररावांनीच मंजूर केली होती. नियमात बसत होतं म्हणून केली होती. त्यात उपकार काही नव्हता. बंसलजींनी चहा मागवला, खारी मागवली. मुरलीधररावांनी पगाराचा विषय काढला.

बंसलजी हसले. ‘‘साहेब, पगार मी कुठे ठरवतो? ब्रेडचे दोन रुपये वाढवले की गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं. घरपोच माल नेणाऱ्या कंपन्या आपला वाटा आधीच कापून घेतात. लग्नसराईत केकला उठाव, उन्हाळ्यात क्रीम टिकत नाही. केकवर नक्षीकाम करणाऱ्याला चार पैसे जास्त द्यावे लागतात, तो दुसरीकडे पळतो म्हणून. ब्रेड-खारी भाजणाऱ्याला सगळीकडे कमीच. मोठ्या हॉटेलात दीडपट मिळतील, पण तिथे जागा निघाली पाहिजे.’’

हे सगळं खरं होतं आणि मुरलीधररावांना ते कळतही होतं. तिथेच उठायला हवं होतं. पण देवधरांचा आवाज कानात होता. ते म्हणाले, ‘‘बंसलजी, त्या आगीच्या वेळी वरच्या ऑफिसने तुमच्या फाइलवर किती शंका काढल्या होत्या, तुम्हाला कल्पना नाही. मी उभा राहिलो म्हणून निभावलं.’’

बंसलजींचं हसू जागच्या जागी थांबलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि हात जोडले. ‘‘समझ गया साहब. हो जाएगा.’’

बाहेर रस्त्यावर आल्यावर मुरलीधररावांना आपण काय बोललो ते उमगलं. रुमाल काढून ते उगाचच तोंड पुसत राहिले. काम तर झालं, असं मनाशी म्हणत त्यांनी रिक्षा केली.

पुढच्या महिन्यात अथर्वचा पगार सहा हजारांनी वाढला. तो आईवडिलांना बाहेर जेवायला घेऊन गेला. सुधाताईंच्या ताटात आग्रहाने वाढत म्हणाला, ‘‘आई, मी मागितला नव्हता गं. बंसलजींनी आपणहून वाढवला. माझा मिल्क ब्रेड खूप जातोय ना सध्या, म्हणून असेल.’’

‘‘असणारच,’’ सुधाताई कौतुकाने म्हणाल्या.

मुरलीधरराव खाली मान घालून डाळीतली मिरची बाजूला काढत बसले.

मार्च लागला. अथर्व आता उशिरा घरी यायला लागला, आणि आला की पाठ धरून बसायचा. बेकरीतले जुने कारागीर छीतरमल यांना काढून टाकलं होतं. जयपूरबाहेरच्या चाकसूहून रोज पहाटेच्या बसने येणारा साठीचा माणूस. खारी आणि नानकटाई त्यांच्याच हातची. बंसलजींनी त्यांना सांगितलं, तुमचे हात कापतात, माल बिघडतोय, आता घरी आराम करा. त्यांच्या जागी नवीन कुणी आलंच नाही. त्यांचं काम अथर्वच्या अंगावर पडलं.

शेवटी अथर्वने बंसलजींना गाठलं आणि छीतरजींना परत बोलवा म्हणून हट्ट धरला. बंसलजी वैतागले. ‘‘तुझे सहा हजार आभाळातून पडले का? कुठून तरी काढायलाच हवे होते. तुझे वडील इथे येऊन बसले होते. आगीच्या फाइलची आठवण करून दिली मला. उद्या ती पुन्हा उघडायला लावली असती तर? मी काय करणार होतो?’’

संध्याकाळी अथर्व घरी आला तो बूटही न काढता दारातच उभा राहिला.

‘‘बाबा, तुम्ही बंसलजींकडे गेला होतात?’’

मुरलीधररावांनी पेपर खाली ठेवला. ‘‘हो.’’

‘‘फाइलचं बोललात?’’

‘‘बोललो. पण त्यातून कुणाला काढतील असं...’’

‘‘मी बत्तीस वर्षांचा आहे, बाबा.’’ अथर्वचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. ‘‘मी सगळ्यांना सांगत होतो, माझं काम बघून वाढवला. छीतरजींनाही सांगितलं. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली होती.’’

तो आत गेला. सुधाताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, ‘‘देवधर त्या दिवशी बोलले नसते, तर गेला असतात तुम्ही?’’

मुरलीधररावांनी खाली ठेवलेला पेपर उचलून त्याची घडी घालायला घेतली.

सकाळी त्यांनी अथर्वकडे छीतरमल यांचा पत्ता मागितला. अथर्वने तो सांगितला आणि वर म्हणाला, ‘‘मी येणार नाही. तुम्ही एकटे जा.’’

ते निघाले त्या दिवशी चाकसूला शीतलामातेचा मेळा होता, हे त्यांना टोंक रोडवर बस भरून आल्यावर समजलं. उभ्यानेच गेले. गावात बायकांच्या रांगा, डोक्यावर नैवेद्याच्या टोपल्या, धुळीत पाळणे. विचारत विचारत ते घर सापडलं. छीतरमल अंगणात खाटेवर बसले होते. अथर्वचे वडील म्हणताच लगबगीने उठले, आपल्या खांद्यावरच्या पंच्याने खाट झटकली. मुरलीधररावांना तिथे बसवेना.

‘‘अथर्व बरा आहे ना?’’ छीतरमल यांनी त्यांच्या ढंगाच्या हिंदीत विचारलं. ‘‘पगार वाढला त्याचा. चांगलं झालं. माझे मेले हात कापायला लागले बघा.’’ त्यांनी दोन्ही हात पुढे धरले. ‘‘मला तर काही दिसत नाही. घरातले म्हणतात, मालक उगाच कशाला सांगतील. आता चहाचा कप धरला तरी सगळे माझ्या बोटांकडे बघतात.’’

ते हात अगदी स्थिर होते. जुन्या भाजल्याचे डाग मनगटापर्यंत होते. मुरलीधररावांना वाटलं, नुसती चौकशी करायला आलो होतो म्हणावं आणि परत फिरावं. माणूस आदराने वागवतोय, त्याला काही ठाऊक नाही, कळणारही नाही.

‘‘तुमच्या हातांना काही झालेलं नाही,’’ ते म्हणाले. मग जे घडलं ते त्यांनी सगळं सांगितलं. हिंदी अडखळत होती. फाइलबद्दलची जी धमकी त्यांनी स्वतःशीसुद्धा कधी धमकी म्हटली नव्हती, तिला त्यांनी तोच शब्द वापरला.

छीतरमल यांनी आपले दोन्ही हात उलटसुलट करून बघितले. मग त्यांनी आत हाक मारली. त्यांची बायको पदर सावरत बाहेर आली, मागे सून येऊन दाराआड उभी राहिली.

‘‘इनके सामने फिर से बोलो, साहब,’’ छीतरमल म्हणाले.

मुरलीधररावांनी पुन्हा सांगितलं. आयुष्यात त्यांनी वरिष्ठांपुढे कैफियती दिल्या होत्या, तपासण्यांना तोंड दिलं होतं. पण त्या मातीच्या अंगणात, दोन अनोळखी बायकांसमोर तेच वाक्य दुसऱ्यांदा उच्चारताना त्यांचे कान जळायला लागले. मालकांनी खोटं सांगितलं. यांचे हात चांगले आहेत. माझ्या मुलाचा पगार वाढावा म्हणून मी दबाव टाकला, त्यात यांची नोकरी गेली.

म्हातारीने नवऱ्याचा हात आपल्या हातात घेऊन बघितला, जणू आत्ताच पहिल्यांदा बघत होती. छीतरमल यांनी तो सोडवून घेतला आणि आत निघून गेले. पुन्हा बाहेर आले नाहीत.

मुरलीधरराव जायला वळले तेव्हा म्हातारीने त्यांना थांबवलं. सणाला दारात आलेलं माणूस उपाशी जात नाही, म्हणाली. शीतलामातेच्या सणाला चूल पेटवत नाहीत, म्हणून आदल्या दिवशी रांधलेलं: ताकात शिजवलेल्या बाजरीच्या पिठाची थंड राबडी आणि गोड पुआ. तिच्या बोलण्यात गोडवा नव्हता. तिने वाटी समोर ठेवली आणि पाठ फिरवली. मुरलीधररावांनी खाटेच्या कडेला टेकून ते संपवलं, कारण न संपवणं आणखी वाईट झालं असतं.

अथर्वने बंसलजींना वाढलेला पगार परत घ्यायला सांगितला. बंसलजींनी तो तत्परतेने कमी केला पण छीतरमल यांना परत बोलावलं नाही; दोन्हीकडचे पैसे त्यांच्याच गल्ल्यात राहिले. मुरलीधरराव त्यांच्याकडे पुन्हा गेले, या वेळी खरोखर हात जोडायला. बंसलजींनी बसा म्हटलं नाही. ‘‘आता कुठली फाइल आणलीत?’’ एवढंच विचारलं, दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या देखत.

उन्हाळ्यात छीतरमल यांनी चाकसूतल्याच एका मिठाईवाल्याकडे नानकटाई करायला सुरुवात केली. पैसे पूर्वीपेक्षा कमी, पण बसभाडं वाचत होतं. अथर्व एकदा मोटरसायकलवर जाऊन त्यांना भेटून आला. तिथे काय बोलणं झालं ते त्याने घरी सांगितलं नाही. पावसाळ्यानंतर तो स्वतः एका हॉटेलच्या बेकरीत लागला. वडिलांशी तो नीट बोलतो. औषधं आणून देतो, टीव्हीचा रिमोट दुरुस्त करतो. फक्त कामाचा विषय निघाला की आईकडे बघून बोलतो, आणि मुरलीधरराव तेवढा वेळ गॅलरीत जाऊन उभे राहतात.