शुक्रवारची गाडी

मी तोंडाचा वाईट आहे, हे बोरदंड्यात कोणालाही विचारा. फोन उचलल्या उचलल्या कोणी "अल्पेश, गाडी आज कुठं हाय?" असं बोललं की माझं डोकंच फिरतं. अरे, तुझ्या घरात माणूस घामाघूम झालाय आणि तुला गाडीची चौकशी पडलीय? लोक म्हणतात, ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला एवढा माज बरा नाही. म्हणू देत. माझं असं का झालं ते सांगायचं तर कल्पिता मॅडमचं सांगावं लागेल.

मॅडम आमच्या ज्युनियर कॉलेजात गणित शिकवतात. उंच, सडसडीत, पावसाळा असो की मे महिना, हातात छत्री असायचीच. मी त्यांचा नापास विद्यार्थी. बारावीला गणितात उडालो आणि स्टिअरिंग धरलं. पण त्यांचं लिनिअर प्रोग्रामिंग अजून डोक्यात आहे, कारण त्यांच्या उदाहरणात पुस्तकातली टेबलं-खुर्च्या नसायची. एका बाईची टोपली, तीत जवळा किती भरायचा आणि बोंबील किती? टोपलीत मावेल तेवढंच, डोक्यावर पेलेल तेवढंच, या झाल्या अटी. आणि बाजारातून जास्तीत जास्त मिळवायचं, हे झालं उद्दिष्ट. आम्ही लगेच आकडेमोडीला लागायचो, की डस्टर टेबलावर आपटायचं. "आधी मांडा! काय शोधायचंय, अटी कुठल्या, कशासाठी शोधायचंय? मांडणी चुकली तर उत्तर बरोबर येऊनही खोटं असतं."

मॅडमचं सासर बोरदंडा, माहेर समोरच्या काठावरचं वावेखार. मधे खाडी. होडीतून माणसं जातात, फार तर मोटारसायकल. चारचाकीला पार खाडीच्या टोकाच्या पुलावरून वळसा घालावा लागतो, त्यात तास जातो. दोन्ही काठांनी मिळून ही ॲम्ब्युलन्स घेतली आणि मला ठेवलं. पहिलं वर्षभर गाडी बोरदंड्यातच उभी होती, समितीचा अध्यक्ष सदा याच्या दारात. मग वावेखारवाले भडकले. गाडी दोघांची, तर मग ती कायम तुमच्याच अंगणात का? भर सभेत कॉलर धरायची वेळ आली. शेवटी कोणीतरी बोललं, कल्पिताला विचारा. ती या गावची सून, त्या गावची लेक, आणि वर गणितवाली. दोघांनाही पटलं.

मॅडमनी वर्षभराचे फोन माझ्याकडून विचारून घेतले आणि एकदा होडीत बसल्या बसल्या मला सगळं समजावलं. आठवड्यातले काही दिवस गाडी इकडे, काही तिकडे. दोन्ही मिळून सातच्या वर जायचं नाही. कुठल्याही काठाला दोनपेक्षा कमी द्यायचे नाहीत. उद्दिष्ट हे, की लोकांचं ताटकळणं जास्तीत जास्त वाचावं. छत्रीच्या टोकानं त्यांनी होडीच्या ओल्या फळीवर त्रिकोण काढला. "या त्रिकोणातलं कुठलंही वाटप चालतं. आणि हा कॉन्व्हेक्स आहे. म्हणजे आतल्या कुठल्याही दोन जागांमध्ये दोरी ताणलीस, तर दोरी बाहेर जात नाही."

"मग आपला काठ तसा न्हाय," मी म्हटलं. "बोरदंड्याहून वावेखारला दोरी ताणा, अख्खी पाण्यावर."

त्या खळखळून हसल्या. "हेच बारावीच्या पेपरात लिहिलं असतंस तर पास केलं असतं तुला." मग म्हणाल्या, अशा त्रिकोणात सगळ्यात चांगलं उत्तर कोपऱ्यावर सापडतं. एका कोपऱ्यावर पाच दिवस इकडे बोरदंड्यात, दोन तिकडे. दुसऱ्यावर उलटं. पण इथं गंमत झाली होती. इकडचे फोन जास्त, पण इकडे रिक्षा-टेम्पो मिळतात, त्यामुळे गाडीनं वाचणारा वेळ कमी. तिकडचे फोन थोडे, पण तिकडे दुसरं वाहनच नाही. गुणाकार करून बघितला तर दोन्हीकडे सारखाच. म्हणजे हा कोपरा घ्या, तो घ्या, की मधला कुठलाही बिंदू घ्या, एकूण वाचणारा वेळ तेवढाच.

"म्हणजे गणितानं तुम्हाला मोकळं सोडलंय," मी म्हटलं. "मग तिकडं जास्त द्या ना. कमळमावशी तिकडं एकटी."

कमळमावशी म्हणजे मॅडमची आई. छातीचं दुखणं, गोळ्या चालू. भाऊ नाही, वडील गेलेले. मॅडमनी छत्रीनं फळीवरचा त्रिकोण पुसला. "आपण मधला घेऊ," एवढंच म्हणाल्या.

सभेतही त्यांनी तेच मांडलं. निम्मे निम्मे करू, एक आठवडा चार-तीन, पुढचा तीन-चार. तेवढ्यात सदानं मिशीवरून हात फिरवला. "वहिनी, माहेरचं पारडं जड नको करू म्हणजे झालं." सगळे हसले. वावेखारचेसुद्धा हसले, मेले! मॅडमचा चेहरा लाल झाला. त्यांनी खडू उचलला आणि सरळ कोपरा लिहून टाकला. पाच दिवस बोरदंडा. वावेखारला शुक्रवार आणि शनिवार, बस्स.

मी बाहेर गाठून भांडलो त्यांच्याशी. "एवढ्याशा टोमण्यापायी? मॅडम, हा कसला शाणपणा?"

"एकूण सारखंच आहे, अल्पेश."

"एकूण कोण आजारी पडतं काय? माणूस एका वारीच आजारी पडतो!"

दोन्ही धक्क्यांवर वारांच्या पाट्या लागल्या, मॅडमनी स्वतः रंगवलेल्या. वावेखारची पाटी कमळमावशी रोज पदरानं पुसायची. शुक्रवारी मी गाडी लावली की कोरा चहा आणायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "माझ्या पोरीनं बांधून दिलेत वार. सासर-माहेर बघितलं न्हाय तिनं." केवढी मिरवायची ती बाई!

भादव्यातला तो शुक्रवार. मी वळसा घालून वावेखारला पोचलो, उंडीच्या झाडाखाली गाडी लावली. चहा आला नाही. आली ती जनी, मावशीची शेजारीण, अनवाणी धावत. मी स्ट्रेचर काढलं, पण जनीनं माझा हात धरला. "हळू चल. आता घाई न्हाय."

मावशी खाटेवर होती. नवं लुगडं नेसून, केस विंचरून. दवाखान्यात जायची तयारी करून बसली होती ती. उशाशी पिशवी, पिशवीत गोळ्या आणि चष्मा.

जनी रडत रडत बोलली. गुरुवारी दुपारीच छातीवर दगड ठेवल्यासारखं व्हायला लागलं होतं. घाम फुटला होता. जनी म्हणाली, अल्पेशला फोन लावते. मावशीनं तिच्या हातातून फोन काढून घेतला. "आज गुरुवार. गाडी तिकडची हाय. तिची आयशीच वार मोडाया लागली, तं पोरीच्या नावाला बोल लागंल. उद्या येतोच हाय अल्पेश." आणि ओव्याचं पाणी पिऊन ती पडून राहिली.

गुरुवारी दुपारी मी काय करत होतो, सांगू? सदाच्या दारात गाडीचा मागचा दरवाजा उघडा टाकून घोरत होतो. दिवसभर एक फोन नाही. तासाचा वळसा, तासात मावशीच्या दारात असतो मी. अगं, वार गाडी उभी करायला होते! बोलवायला थोडेच होते? हे त्या पाटीवर कोणी लिहिलं नाही, आणि मावशीला कोणी सांगितलं नाही. मलाही कधी सुचलं नाही.

मॅडम होडीनं आल्या. आईच्या पायाशी बसल्या आणि जनीला एकच विचारलं, "फोन का नाही केला?" जनीनं जे होतं ते सांगितलं. कोणी झाकायला हवं होतं, पण जनीला खोटं जमत नाही. मॅडमनी आपल्या तोंडावर हात दाबून धरला, इतका, की गालावर बोटं उमटली.

बाराव्याला दोन्ही काठ जमले. जेवणं झाल्यावर सदा पुढे आला. मान खाली. "वहिनी, चुकलो मी. सांगशील तसे वार बदलू."

मॅडम उठून उभ्या राहिल्या. वर्गात राहतात तशाच. "उत्तर बरोबर आलं होतं, भाऊजी. मांडणी चुकली होती. मी फोन मोजले. आई दुपारपासून थांबली होती, पण माझ्या गणितात ती थांबलीच नाही, कारण तिनं फोन केला नाही. गाडी वर्षभर बोरदंड्यात होती तेव्हाही वावेखारचे फोन थोडे का, हे मी विचारलंच नाही." मग त्या वावेखारवाल्यांकडे वळल्या. "असं आणखी कोण कोण थांबलंय?"

मग धर्माजी आजोबांनी हात वर केला. त्यांचा नातू तापात आकडी येऊन गेला होता, गाडी लांब आहे म्हणून त्यांनी बोलावलीच नव्हती. मागून एका बाईनं हात वर केला. मग आणखी एकीनं. मॅडम एकेका हाताकडे बघत होत्या. मला तर तिथून पळून जावंसं वाटत होतं.

"पाट्या काढा," त्या म्हणाल्या. "गाडी कुठे आहे ते कोणाला कळायलाच नको. फक्त फोन करा. वर्षानं मी परत मांडते."

पाट्या मीच उपटल्या. दोन्ही काठांवर घरोघर फिरून सांगितलं, वार विचारायचा नाही, गाडी विचारायची नाही, नाव आणि घर सांगा नि फोन ठेवा. पण लोकांची सवय जाते का? अजून विचारतात. म्हणून मी ओरडतो.

गेल्या महिन्यात मी वावेखारला उभा होतो. फोन वाजला, उचलला, आणि पलीकडून धापा टाकत कोणी बाई, "गाडी आज कुठे आहे?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंड उघडलं, आणि आवाज ओळखीचा वाटला. मॅडम होत्या. त्यांची सासू, सोनाबाई, बोरदंड्याच्या घरी मोरीत पडली होती.

मी तोंड मिटलं. आपण काय विचारलं, ते त्यांच्याही ध्यानात आलं असावं, कारण मला रडणं ऐकू आलं.

"सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "नुसता ये."

मी चावी फिरवली.