इस्माईलनं ओळखलेला ठिपका

जळकोटच्या थांब्यावर मी गाडीची वाट बघत उभा होतो. नळदुर्गहून आलेल्या गाडीतून इस्माईलचा चुलतभाऊ उतरला आणि सरळ माझ्याकडं आला. "गुरुजी, इस्माईल गेला... सोलापूरला, दवाखान्यात. काविळीनं." रजेवर आलेला माझा शाळासोबती असा गेला, त्याला आता दीडेक महिना होईल.

मॅट्रिक होऊन तो हवाई दलात निघाला तेव्हा इथलं संस्थान भारतात विलीन होऊन फार वर्षं झाली नव्हती. "आपल्यासारख्याला तिथं कोण विचारतंय?" शिलाईच्या मशीनवरून मान वर न करता त्याचे वडील, महबूबचाचा, म्हणाले होते. इस्माईल नुसता हसला. पुढं त्याला रडारवर नेमलं. ते काय असतं, असं मी विचारलं तर त्यानं किल्ल्याच्या तटासमोर उभं राहून हाळी दिली. ती घुमून परत आली. "असंच. लहरी सोडायच्या, कशाला तरी आपटून माघारी आल्या की पडद्यावर ठिपका उमटतो. पण विमान लई खालून आलं की अवघड. टेकड्या, झाडं, पाखरांचे थवे, सगळ्यांचेच ठिपके. त्यातनं हुडकायचं."

पासष्टच्या लढाईत तो सीमेजवळच्या ठाण्यावर होता. इकडं हॉटेलात कुणीतरी चाचांना विचारलं, "तुमचा पोरगा नेमका कुणीकडनं बघतोय?" चाचा अर्धा चहा ठेवून उठले, ते पुन्हा तिथं गेले नाहीत. मुलाला त्यांनी हे कळवलं नाही. मुलालाही आपलं काम कळवायची मुभा नव्हती.

लढाई संपल्यावर बोरी नदीच्या काठी बसून त्यानं मला एकट्याला सांगितलं. पडद्याच्या कडेला एक फिकट ठिपका उमटत होता, विझत होता. वायरलेसवर हाक मारली, उत्तर नाही. तोफांना तयार राहायचा हुकूम गेला. इस्माईल मात्र बघत राहिला. ठिपका थोडा सरळ जाई, वळे, पुन्हा सरळ, पुन्हा त्याच बाजूला वळे. वायरलेस बंद पडला की वैमानिक असा त्रिकोणात फिरून आपली अडचण कळवतो.

"साहेब, थांबा. आपलंच विमान हाय ते."

"आणि चुकलास तर?"

"साहेबाचं बरोबर व्हतं," इस्माईल मला म्हणाला. "चुकलो असतो तर ठाण्यावरची सगळी माणसं गेली असती. आणि तेवढ्यात ठिपकाच दिसंना..." मग तो दिसला, त्याच बाजूला वळताना. तोफांना थांबायचा हुकूम गेला. दुसरं विमान वर गेलं आणि त्याला वाट दाखवत खाली घेऊन आलं.

"चाचांना सांग की हे," मी म्हणालो.

"नको. नोकरीतलं बाहेर बोलायचं न्हाय. तुला सांगितलं हेच लई झालं."

दफनानंतर शेवटी मीच सांगितलं. चाचांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्या विमानातल्या पोराला आई हाय का?"

"असंल, चाचा."

"मग बरं झालं."

परवा नळदुर्गला चाचांच्या घरी गेलो होतो. मधल्या खोलीच्या खिडकीवर जाड गोधडी टांगलेली होती. वर्षानुवर्षं अंधाऱ्या खोलीत पडद्याकडं बघून इस्माईलच्या डोळ्यांना उजेड सोसत नसे. घरी आला की आधी तो ती गोधडी टांगायचा. आत कोंदट झालं होतं म्हणून मी ती काढायला गेलो. शिलाईचं मशीन थांबलं.

"ऱ्हाऊ दे," चाचा म्हणाले. "उन्हाचा त्रास व्हतो त्याला."