प्रेमबाईंची अठ्ठाई

प्रेमबाईंना मी एक खोटं सांगितलं होतं. खोटं म्हणजे काय, सोपं करून सांगितलं. आम्ही मेडिकलवाले त्याला समजावणं म्हणतो.

जालन्यात मस्तगडला माझं औषधांचं दुकान आहे आणि समोरच अमरचंदशेठांचं घर. प्रेमबाई त्यांच्या पत्नी. वय सत्तरीला टेकलेलं, आवाज खणखणीत. माझ्या पायरीवर कचरा दिसला की भर गिऱ्हाइकांत विचारायच्या, "भारत, औषध विकून राह्यला का आजार?" मला राग यायचा आणि झाडूही मी लगेच हातात घ्यायचो.

त्यांना मूत्रपिंडाचा कॅन्सर झाला. नव्या इंजेक्शनांनी गाठ आटली, पण त्याच इंजेक्शनांनी शरीरातलं एक काम कायमचं बंद पाडलं. मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन लहान ग्रंथी असतात. ताप, उपास, दगदग, कशालाही तोंड द्यायला लागणारं कॉर्टिसॉल त्या तयार करतात. त्यांना मेंदूकडून मिळणारा हुकूमच थांबला. तपासणीत सकाळचं कॉर्टिसॉल जवळजवळ शून्य आलं. म्हणून सकाळी एक आणि दुपारी चारला अर्धी गोळी, जन्मभर. डॉक्टरांनी हे सांगितलं असणारच. पण दुकानात प्रेमबाईंनी विचारलं, "ही कशाची रे?" गर्दी होती. मी म्हणालो, "ताकदीची."

जैनांचं पर्युषण आलं. आजारातून उठल्याबद्दल त्यांनी अठ्ठाई धरली. आठ दिवस अन्न नाही, फक्त उकळलेलं पाणी, तेही सूर्य मावळेपर्यंत. शेठजी नको म्हणाले, सून रुचि नको म्हणाली. पण ऐकतील त्या प्रेमबाई कसल्या!

तिसऱ्या दिवशी दुपारी रुचि दुकानात आली. तिला बीपीचं मशीन हवं होतं. "घरातलं बिघडलं वाटतं दादा. वरचं सारखं सत्तरच दाखवून राह्यलं."

"गोळी कधी घेतली त्यांनी?" मी विचारलं.

"ती तर बंद केली ना. ताकदीची गोळी खाऊन कुठं तप होतं का, म्हणल्या."

गिऱ्हाईक तसंच सोडून मी पळालो. घरात बायका स्तवनं म्हणत होत्या. येणारी प्रत्येक जण पलंगाशी वाकून "सुखसाता?", म्हणजे बरं आहे ना, असं विचारत होती. प्रेमबाई डोळे मिटून पडलेल्या, ओठ पांढरे, अंग गार. तपात थकवा यायचाच, म्हणून कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. उलट चेहऱ्यावर केवढी शांती आहे, असं एक जण कौतुकानं म्हणाली. मी ओरडलोच, "शांती न्हाई ती, जीव चाललाय त्यांचा!"

शेठजी पुढं आले. "तिनं पच्चक्खाण घेतलंय, भारत. व्रताची शपथ तिची, मी कशी मोडू?"

"ती शपथ त्यांनी माझ्यामुळं अशी घेतली. मीच चुकीचं सांगितलं. पाप मला लागू द्या, पण गाडी काढा, जल्दी."

शेठजींनी क्षणभर बायकोकडं पाहिलं आणि किल्ली रुचिच्या हातात दिली.

दवाखान्यात शिरेतून तेच कॉर्टिसॉल दिलं, सलाईन लावलं. संध्याकाळी त्यांनी डोळे उघडले, सलाईनकडं पाहिलं आणि रडू लागल्या. तप मोडल्याचं रडणं होतं ते. जीव वाचल्याचं त्यांना काहीच वाटत नव्हतं. मी खाटेशी उभं राहून सगळं कबूल केलं. ही गोळी ताकदीची नाही; आपलं शरीर जे रोज स्वतः बनवतं आणि त्यांचं आता बनवत नाही, तेच तिच्यात आहे. उपास असो, लग्न असो, ती घ्यायचीच. मला वाटलं, आता शिव्या पडणार. पडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"एक दिस बी चुकवायची न्हाई?" त्यांनी विचारलं.

"बिलकुल न्हाई."

"मरेपर्यंत?"

"हां काकू."

त्यांनी डोळे पुसले. मग म्हणाल्या, "अठ्ठाई केली की सगळे बघायला येतात रे. गाणे म्हणतात. ह्याला कोण येणार?"

मग त्यांनी शेठजींना जवळ बोलावलं, सुई टोचलेला हात दुसऱ्या हाताशी जोडला आणि मरेपर्यंत एकही गोळी न चुकवण्याचं पच्चक्खाण घेतलं.