बिसेसरची पहिली गाडी

सोमवारी पहाटे चार पन्नासला बिसेसर नांदीच्या स्टँडवर बसची समोरची काच पुसत होता. वय सत्तावन्न, पैकी एकतीस वर्षं बेटावरच्या नांदी-लौतोका रस्त्यावर बस चालवण्यात. नांदीत राहतो, पण जन्म लौतोकाचा. म्हणून लौतोकाचा मुष्टियोद्धा एपेली त्याचा, आणि नांदीचा वाइसेआ शत्रूचा.

बायको गेल्यापासून फोनवरचा बॉक्सिंगचा ग्रुप हीच त्याची संध्याकाळ. सिडनीत रखवालदारी करणारा एकजण तिथे त्याला रोज डिवचतो : "तुझी बस आणि तुझा एपेली, दोघं चढावर बंद पडतात." बिसेसर उत्तर देतो, "बंद पडली तरी तुझ्या वाइसेआच्या पुढेच आहे."

ग्रुप चालवते लौतोकाच्या पोस्टातली मेरेओनी. तिचा नियम एकच. हनुवटी, पाय, ठोसे, पंचांचे निकाल, काहीही काढा. कुणाच्या घरचं काढू नका.

महिन्यापूर्वी एपेली वाइसेआकडून गुणांवर हरला. त्या रागात बिसेसरने लिहिलं, "वाइसेआ आईच्या न खपलेल्या भाजीवर वाढलाय, म्हणून पाचव्या फेरीत कोमेजतो." आई भाजी विकते एवढंच त्याने पेपरात वाचलं होतं. दोनशे चौदा जण हसले. मेरेओनीने त्याला ग्रुपमधून काढलं.

त्यानंतरच्या मंगळवारी सांबेतोच्या पुलापाशी केलेरा उभी नव्हती. बेले नावाच्या पालेभाजीची पोती घेऊन ती नऊ वर्षं दर मंगळवारी त्याच्याच गाडीने लौतोकाच्या बाजाराला जायची, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून. पुढचे दोन मंगळवारही ती सीट रिकामी गेली. तिसऱ्या मंगळवारी त्याने पोस्टात जाऊन विचारलं.

"भैया, वाइसेआ तिचाच मुलगा," मेरेओनी म्हणाली. "तुमचा फोटो बससकट ग्रुपवर आहे. तिने ते वाचलं, तुम्हाला ओळखलं. आता तुमच्या नंतरच्या गाडीने जाते, उशिरा पोचते, बाजारात जागा मिळत नाही."

"मग ग्रुपवर माफी लिहितो. सगळ्यांसमोर."

"लिहून नाही चालत. आमच्या लोकांत भांडण पुरून टाकतात. घरी जाऊन."

काल, रविवारी दुपारी, तो माफी मागताना पुढे ठेवायची यांगोनाच्या मुळांची जुडी कागदात गुंडाळून सांबेतोला केलेराच्या घरी गेला. रीतीचे शब्द त्याला येत नव्हते, म्हणून मेरेओनीचे वडील बरोबर होते. ते बोलले, बिसेसर दाराजवळ मान खाली घालून बसला. केलेराने जुडीला हात लावला नाही.

"ड्रायव्हर, माझी भाजी कधी शिळी पाहिलीस?"

"नाही, दीदी."

"मग लिहिलंस कसं?"

"तुमची आहे हे ठाऊक नव्हतं."

"दुसऱ्या कुणाची असती तर चाललं असतं?"

"नसतं चाललं."

"आणि एपेलीची हनुवटी कच्ची आहे, हे मान्य?"

"ते नाही मान्य, दीदी."

केलेराने जुडी ओढून घेतली. यांगोना कुटून पाण्यात कालवली गेली, प्यायची करवंटी सगळ्यांत फिरली, रीतीच्या टाळ्या झाल्या. निघताना ती म्हणाली, "मंगळवारी तीन पोती आहेत. चढवायला खाली उतर."

मेरेओनीने त्याला रात्रीच ग्रुपमध्ये परत घेतलं. त्याने अजून काही लिहिलेलं नाही. सिडनीवाला विचारतोय, बस बंद पडली का.

उद्या मंगळवार. नांदीहून पाच पंधराला सुटणारी गाडी सांबेतोच्या पुलापाशी पाच पस्तीसला थांबते.