दाऊदमियांची देवी

दाऊदमिया अंगणात आले की आधी टोपी काढत, मग पायरीवर बसून आपला गाल पोरांपुढे करत. "मोजा." देवीच्या वणांनी त्यांचा चेहरा चाळणीसारखा झालेला. पोरं बोट लावून मोजत, विसाच्या पुढे चुकत, भांडत, पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. तेवढ्यात मिया एकेकाचा दंड टोचून मोकळे! "मोजून व्हत न्हाय ना? तुमच्या गालावर कुणाला मोजायला लागू नये, म्हणून येतो."

चौलच्या आमच्या आळीत ते देवी टोचायला पहिल्यांदा आले, तेव्हा मात्र गाल पुढे केला नव्हता, शिपाई पुढे केला होता. त्याची पगडी नारळीआडून दिसली की बाया पोरं घेऊन सुपारीच्या माळ्यावर चढत, आणि शिपाई त्यांना खाली उतरवी. मी नाही चढले. मी सतरा वर्षांची, चार यत्ता शिकलेली. माझ्याएवढं शहाणं गावात कोणी नाही, असं माझं ठाम मत. माझी तान्ही कुसुम मी आपणहून पुढे केली. मिया खूश. त्यांची पाठ वळताच विहिरीवर नेऊन तिचा दंड राखेने खसाखसा धुतला. सरकारचा मान राहिला, पोरगीही वाचली! सासूबाई म्हणाल्या, "सून हुशार हो माझी." ती हुशारी संध्याकाळपर्यंत आळीभर झाली.

आठव्या दिवशी मिया दंड तपासायला आले, एकटेच. खाडीपलीकडे देवी आल्याची बातमी होती, आणि आमच्या आळीत सगळे दंड कोरे. मी दाराआडून म्हटलं, "आमच्या पोरीचं कातडंच तसं. लागतच नाही."

"असंल, असंल." ते रागावले नाहीत. सासूबाईंनी वरून ओतलेलं पाणी ओंजळीने प्यायले आणि विचारलं, "आजी, घरात देवी आली तर काय पाळता?"

"फोडणी नाही, आंघोळ नाही, अंगाला हात नाही. पाहुणीसारखं जपायचं."

"मग ही तिची धाकटी बहीण. थोरली येऊन घर उठवील, त्याच्या आधी धाकटीला आठ दिवस ठेवून घ्या. पाळनूक तीच."

"तुम्ही मुसलमान. तुम्हाला हो देवीचं काय कळतं?"

मियांनी गालावर हात ठेवला. "माझ्याकडं आली व्हती ना. मी आन् भाऊ, दोघं एका चटईवर. मी उठलो. चांगली वळख हाय आमची."

सासूबाईंनी कुसुमला स्वतः बाहेर आणलं आणि मियांनी तिला पुन्हा टोचलं. तिला ताप चढला. मी मियांच्या सात पिढ्या उद्धरल्या. घरात आठ दिवस फोडणी नाही, दंडाला कुणाचं बोट नाही. त्याच महिन्यात थोरली आमच्या आळीत आलीच. कुसुमच्या पाळण्याशी ती थांबली नाही. दोन घरं सोडून एक पाळणा रिकामा झाला. त्या घराने माझीच युक्ती धरून ठेवली होती. त्यावर मला अजून विनोद सुचत नाही.

पुढे शिपाई बंद झाला, छापील कागद आले, मग पडद्यावर चित्रं दाखवायची पेटी घेऊन एक साहेबही आले. मिया अजून बायांना पाळणूक सांगतात हे ऐकून ते आमच्याच अंगणात खेकसले, "सरकारी माणसाने असल्या खुळ्या समजुती पसरवायच्या? कागद दिलेत ना छापून?"

मिया नम्रपणे म्हणाले, "साहेब, तुमचा कागद वाचनारी या आळीत एकच बाई हाय. आन् तिनंच पोरीचा दंड धुतला व्हता."

दाराआड मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मियांना इतकी वर्षं ठाऊक होतं, आणि एका शब्दाने बोलले नव्हते!

नोकरी संपल्यावर ते निरोप घ्यायला आले. कुसुमचं लग्न ठरलं होतं. सासूबाई आता नव्हत्या. मी घरातल्या कपातून चहा दिला. त्यांची नजर अधू झाली होती. कुसुम, कार्टी माझ्यावरच गेलेली, मियांसमोर बसली आणि गाल पुढे करून म्हणाली, "मोजा."

मियांनी बोट तिच्या गालावरून सावकाश फिरवलं. मग दुसऱ्या गालावरून. बोट कुठेच अडलं नाही. शेवटी टोपी डोक्यावर घातली आणि म्हणाले, "झालं मोजून."