रेडिओचे ओठ

माझ्या धाकट्या बहिणीला घरात सगळे रेडिओ म्हणतात. नाव बाबांनी ठेवलं, आणि गंमत अशी की बाबांना ऐकूच येत नाही. छापखान्यातल्या यंत्रांनी त्यांचे कान कधीच खाऊन टाकले. समोरच्याच्या ओठांकडे बघून ते बोलणं ओळखतात, आणि तिचे ओठ त्यांना रेडिओसारखे खणखणीत ऐकू येतात.

लहानपणापासून ती अशीच. शाळेतून आली की दप्तर पाठीवर तसंच ठेवून बाबांसमोर बसायची. कोणाला मार बसला, कोण बाकावरून पडलं, सगळं साग्रसंगीत सांगायची. एकदा नापास झाली, तेही इतकं रंगवून सांगितलं की बाबा पोट धरून हसले. मी वर्गात पहिली यायचे, तर ते प्रगतिपुस्तक त्यांच्या नाकासमोर धरावं लागायचं.

लग्न होऊन ती दोन गल्ल्या पलीकडे गेली, पण रोज संध्याकाळी हजर. बाबा राहतात माझ्याकडे. त्यांचं जेवण, गोळ्या, कपडे, सगळं मी बघते, शिवणकाम सांभाळून. बाबा माझ्या हातांकडे बघतात, ताट आलं का म्हणून. तोंडाकडे बघतात ते तिच्या. मला काही सांगायचं असेल तर मी शिवणाच्या खडूने पाटीवर लिहिते. हेवा वाटतो मला तिचा. थोडाथोडका नाही, चांगला भरपूर वाटतो.

ती एका स्किन क्लिनिकमध्ये रिसेप्शनला असते. गेल्या महिन्यात तिथेच तिने ओठ जाड दिसावेत म्हणून इंजेक्शनने त्यांत फिलर भरून घेतला. त्यात हायल्युरॉनिक अ‍ॅसिड असतं म्हणे, पाणी धरून ठेवणारं, आपल्या कातडीत मुळातच असतं ते. अ‍ॅसिड भरलं तिच्या ओठांत आणि जळजळ झाली मला. सुरुवातीला ओठ मधमाशी चावल्यासारखे सुजले, तेव्हा मी मनातून खूश होते. मग सूज उतरली आणि मेलीचे ओठ असे भरदार दिसायला लागले की मलाही नजर काढवेना.

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. "वा! आता तर अक्षर न् अक्षर दिसतं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण त्याच वेळी डोक्यात लख्ख प्रकाशही पडला. माझे ओठ आईवर गेलेले, धावदोऱ्याच्या टाक्याएवढे बारीक. म्हणजे गडबड एवढीच होती! कमी माझ्यात नव्हती, ओठांत होती.

ती जेवायला बाहेर जाईल अशी वेळ साधून मी क्लिनिकमध्ये गेले. ती नेमकी रिसेप्शनच्या टेबलाशीच बसलेली होती.

"ताई? तू? इथे?"

"का, मला तोंड नाही का?" मी म्हणाले. ती मला आत घेऊन गेली.

डॉक्टरीणबाईंनी माझा चेहरा उजेडात धरून पाहिला. "कशासाठी करायचंय? घरात कार्य आहे का?"

"वडिलांना दिसावेत म्हणून."

बाईंनी हातातलं सगळं बाजूला ठेवलं, नीट विचारून घेतलं आणि माझ्या हातात आरसा दिला. "यात बघा, आणि वडिलांशी बोलता तसं बोला."

मी बोलले, "बाबा, जेवायला चला." आरशातल्या बाईचे ओठ जेमतेम हलले. शिवताना मी टाचण्या ओठांत धरते ना, तसं दिसत होतं. फक्त टाचण्या नव्हत्या.

"मी भरून देईन," बाई म्हणाल्या. "काही महिने टिकेल, नाही आवडलं तर इंजेक्शनने विरघळवताही येईल. पण तोंड उघडलंच नाही तर जाड ओठ काय आणि पातळ काय?"

रेडिओ दाराशी उभी होती. "ताई, गिऱ्हाइकांशी तू किती छान बोलतेस. बाबांसमोर आलीस की दात आवळतेस. मी तिथे असले की जास्तच."

हेही तिलाच दिसावं! मी पर्स उचलली आणि चालू पडले. ती माझ्या मागोमाग घरापर्यंत आली.

बाबा खुर्चीत बसले होते. त्यांच्यासमोर तिचं रोजचं स्टूल होतं. आज त्यावर मी बसले. दात सोडले, तर जबडा दुखला, इतकी वर्षं आवळून धरलेला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. जे अगदी दाराशी उभं होतं तेच बाहेर आलं.

"बाबा, मला हिचा हेवा वाटतो."

बाबा माझ्या हातांकडे नाही, ओठांकडे बघत होते. मग हसले.

"ते मला कधीचंच ठाऊक आहे. तेवढं एक वाक्य तू तोंड मिटून बसलीस तरी वाचता यायचं."

त्यांनी खुर्ची पुढे ओढली, माझ्या अगदी समोर.

"आता दुसरं काहीतरी बोल."